घट्ट बसवलेली खिडकी

नंदूने ‘काही नाही गं आई’ म्हटलं की काहीतरी नक्की झालेलं असतं. आज दुपारी तो हे दोनदा म्हणाला. आता तो आतल्या खोलीत मीनाला कुशीत घेऊन गाढ झोपला आहे. मला झोप नाही. अंथरुणाला पाठ टेकली की ‘टक्’ असा तो आवाज पुन्हा ऐकू येतो, म्हणून उठून लिहीत बसले आहे.

नंदकुमार माझा थोरला. न्हावा शेव्याच्या नव्या बंदरात ड्राफ्ट्समन आहे. बायको सुचित्रा तिथल्याच टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, आणि त्यांची मीना चार वर्षांची. तिघं बंदराच्या वसाहतीत राहतात, आम्ही वाशीला. सकाळी डबा, संध्याकाळी भाजी, सगळं चारचौघांसारखं. एकच गोष्ट वेगळी. नंदूची स्वतःची शिडाची होडी आहे.

आमचं मूळ गाव परभणीकडचं. माझ्या सासूबाईंना, गिरजाबाईंना, गावच्या विहिरीला हात लावता येत नसे. वरून कोणी घागरीत ओतेल तेवढंच पाणी त्यांचं. नंदू मुंबईत कॉलेजला असताना एनसीसीच्या नौदल शाखेत शिरला आणि तिथे शीड हाकायला शिकला. पुढे बंदराच्या कामावरचे एक साहेब परदेशी जाताना आपली जुनी छोटी होडी त्याच्या हवाली करून गेले. पहिल्यांदा तो बेलापूरच्या खाडीत शीड उभारून एकटा गेला, तेव्हा हे, नंदूचे वडील, काठावर उभे होते. शीड दिसेनासं होईपर्यंत तिथून हलले नाहीत. मग म्हणाले, ‘आईनं बघायला पाहिजे होतं.’ त्या दिवसापासून होडीविरुद्ध या घरात कोणी शब्द काढत नाही. मीही नाही, आणि मला तर पोहताही येत नाही.

नंदू लहानपणापासून दुखणं लपवणारा. एनसीसीच्या कॅम्पवरून आला तेव्हा डाव्या हाताने जेवायला लागला. विचारलं तर म्हणाला, दोन्ही हातांची सवय हवी. ह्यांना कौतुक वाटलं. दोन दिवसांनी मनगट सुजून भोपळ्याएवढं झालं तेव्हा कळलं की हाड मोडलं आहे. इतके दिवस बोलला का नाहीस, तर म्हणे काही नाही, तुम्ही उगाच घाबरला असता.

आणि त्याची दुसरी सवय म्हणजे सगळं घट्ट करणं. ती कुठून आली हे मला माहीत आहे. आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा इमारती नव्या कोऱ्या होत्या. खिडक्यांच्या काचा लांबीने बसवलेल्या, म्हणजे खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून केलेल्या लगद्याने. त्या तेलाच्या वासाला कावळे यायचे आणि ओली लांबी टोचून टोचून खायचे. सगळ्या कॉलनीत हेच. बायका गच्चीवरून काठ्या आपटायच्या, पण कावळे कसले ऐकतात. एकदा जुलैच्या वादळात आमच्या खोलीची अख्खी काच आत आली. खाली जयमाला, माझी धाकटी, झोपली होती. पोरगी वाचली, पण नंदूने ती काच फुटताना पाहिली होती. दुसऱ्या दिवशी त्याने कारागिराकडून लांबी मळायला शिकून घेतलं आणि सगळ्या काचा पुन्हा स्वतः बसवल्या. तेव्हापासून त्याने बंद केलेली लोणच्याची बरणी घरात कोणाला उघडत नाही. नळ इतके पिळतो की वायसर टिकत नाहीत. सुचित्रा चेष्टेने म्हणते, ह्यांनी बांधलेल्या सामानाची गाठ सोडवायला ह्यांनाच माझ्या माहेरी न्यावं लागतं.

त्या होडीला एक छोटी केबिन आहे. दोन माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसतील एवढीच. तिला दोन्ही बाजूंना न उघडणाऱ्या खिडक्या आहेत, जाड पारदर्शक प्लास्टिकच्या. गेल्या महिन्यात शेजारच्या मासेमारीच्या मचव्याचा नांगर आदळला आणि डावीकडची खिडकी तडकली. नंदूने ती काढली, जुना चिकट थर खरवडला, वर्तमानपत्रावर आकार गिरवून घेतला. जुईनगरला गाड्यांच्या नंबरप्लेट करणारा पोपट नावाचा कारागीर आहे, त्याच्याकडून तसाच तुकडा कापून, भोकं पाडून आणला. पोपटने त्याला सांगितलं होतं की बोल्ट फार पिळू नका साहेब, प्लास्टिकला जरा हलायला जागा ठेवा, उन्हात फुगतं ते. हे नंदूनेच आम्हाला जेवताना हसत सांगितलं. म्हणे, नंबरप्लेट आणि होडी यातला फरक त्याला काय कळणार.

घाई आहे ती पावसाळ्याची. मे अर्धा सरला. होडी आत्ता आहे तिथेच, बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या काठावर, ठेवली तर पावसाळ्यात तिचं काही उरणार नाही, म्हणून उद्या रविवारी सकाळच्या भरतीला ती खाडीबाहेरच्या मोरा बंदरात न्यायची आणि तिथे ओढून झाकून ठेवायची. हंगामाची शेवटची फेरी म्हणून सुचित्रा आणि मीनाही बरोबर. सुचित्राची आज रात्रपाळी आहे. ती सहाला सुटून ऑफिसच्या गाडीने थेट दिवाळ्याला येणार. म्हणून नंदू मीनाला घेऊन आजच आमच्याकडे आला, आणि दुपारी मदतीला मला होडीवर घेऊन गेला. बाहेरून तो बोल्ट पिळणार, आत केबिनमध्ये बसून मी पान्याने नट धरायचा.

मी आत वाकून बसले होते. दिवाळ्याचा नामा, नंदूचा दोस्त, जाळी घेऊन चालला होता, तो खिडकीच्या भोकातून माझं तोंड दिसताच थांबला.

‘काय मावशी, नवा फ्लॅट घेतला काय? सोसायटी चांगली हाय ना?’

नंदू म्हणाला, ‘पाण्याचा त्रास नाही बघ इथे.’

नामा हसला. म्हणाला, आमच्या होरीला खिरकी नाय, खिरकीतून पानीच आत बघतंय. फळी ठोकून टाक नि मोकला हो. मग जाता जाता गंभीर होऊन एवढंच म्हणाला की उद्या उधान हाय, मोऱ्याकडं वारा जोरात असंल, शीड लहान ठेव.

नंदूने भरपूर लांबी थापली, तुकडा बसवला आणि एकेक बोल्ट पिळत गेला. प्रत्येकाला शेवटचा एक आटा जास्तच. मी आतून म्हटलं, पुरे रे, पोपट काय म्हणाला होता. तो म्हणाला, सैल राहिलं की आत येतं आई. खालच्या कोपऱ्यातल्या बोल्टशी होता तेव्हा ‘टक्’ असा आवाज झाला. माझ्या नाकासमोर बोल्टच्या भोकापासून कडेपर्यंत केसाएवढी एक रेघ उमटली.

‘नंदू, काय झालं?’

‘काही नाही गं आई.’

‘चीर गेलीय. मी बघितली.’

तो आत आला, बघितलं. चेहरा उतरला, पण क्षणभरच. बोटाने त्या रेघेवर लांबी भरली, वरून राखाडी रंगाचा हात मारला. रेघ दिसेनाशी झाली. मी अंगठा टेकवला तर लांबी लोण्यासारखी आत गेली. आमच्या घरच्या काचांची लांबी वाळायला किती आठवडे लागले होते ते त्यालाही आठवत असणार.

मी म्हटलं, पोपटकडून दुसरा तुकडा आण. तो म्हणाला, उद्याची भरती गेली तर पुढच्या आठवड्यात वारा फिरेल, मग होडी इथेच कुजेल. मग मीनाला तरी ठेवून जा म्हटलं. त्यावर तो पाने गोळा करायला लागला. त्याने मीनाला सांगून ठेवलं आहे की मोऱ्याला जाताना वारा भरला की होडी डावीकडे कलते, तिकडची खिडकी पाण्याला टेकते, आणि त्यातून मासे दिसतात. पोरगी आठवडाभर घरभर मान वाकडी करून फिरते आहे म्हणे. ती उद्या त्याच खिडकीला नाक लावून बसणार.

परत येताना बसमध्ये पुन्हा विषय काढला, तर म्हणाला, ‘काही नाही गं आई. सुचित्राला बोलू नकोस, उगाच टेन्शन घेते.’

रात्री ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, ‘तू कशाला भीत नाहीस ते सांग. गॅसला भितेस, लिफ्टला भितेस. तो इतकी वर्षं होडी चालवतोय.’ खरंच आहे ते. मी भित्री आहे हे सगळ्या सोसायटीला माहीत आहे, आणि म्हणूनच माझ्या भीतीला कोणी विचारत नाही. पण आज मी नुसती भीत नाही, मी पाहिलं आहे. नंदूलाही भीती वाटली आहे, नाहीतर त्याने ती रेघ रंगवली नसती. तो वाईट नाही, बेफिकीरही नाही. जयमालाच्या अंगावर काच आली त्या दिवसापासून तो आमच्या सगळ्यांसाठी खिडक्या घट्ट करतो आहे. एवढ्या घट्ट की त्यांना चीर जाते, आणि मग ते तो कोणाला सांगू शकत नाही.

त्याला उठवलं तर तो पुन्हा तेच म्हणेल. मीनाला सकाळी लपवून ठेवलं तर रडारड होईल, आणि तो सुचित्राला घेऊन तसाच निघेल. तिला तो आवाज माहीत नाही. ती रात्रभर दुसऱ्यांचे फोन जोडत बसली आहे आणि सकाळी हसत होडीत चढणार आहे. नंदूपुढे कोणाचं चालत असेल तर तिचंच. लग्न ठरताना तिने त्याला एकच सांगितलं होतं, माझ्यापासून काही लपवायचं नाही.

सासूने सुनेला मुलाची चहाडी सांगायची, तीही त्याने बोलू नको म्हटल्यावर. सकाळी तो माझ्याकडे कसा बघेल ते मला आत्ताच दिसतं आहे. कदाचित होडीवरचं यापुढे मला तो काहीच सांगणार नाही. ह्यांच्या डोळ्यांसमोर त्या काठावरचा दिवस असेल, आणि होडी कुजली तर तेही मला माफ करतील का, कोण जाणे.

मीना झोपेत काहीतरी पुटपुटली. जाऊन बघून आले. मान अजून वाकडीच ठेवून झोपली आहे.

फोन पॅसेजमध्ये स्टुलावर आहे. बंदराच्या एक्स्चेंजचा नंबर मला पाठ आहे. रात्रपाळीला सुचित्रा एकटीच असते, तीच उचलेल आणि सवयीने म्हणेल, नंबर सांगा. मी म्हणेन, सुचित्रा, मी आई बोलतेय, आधी शांतपणे ऐकून घे. भीतीबिती काही सांगणार नाही. कुठला बोल्ट, कुठली रेघ, एवढंच सांगेन. पुढचं ती बघेल.

लिहिणं इथेच थांबवते. पॅसेजचा दिवा लावते आहे, नंदू उठला तर उठू दे.