शून्याच्या जागी दहा

रसिका म्हात्रेला राग आला की भूक लागायची. हॉस्टेलच्या मेसमध्ये आम्ही बाकीच्या मुली रुसलो की ताट बाजूला सारायचो; ही दोन भाकऱ्या जास्त मागून घ्यायची. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, "मी उपाशी राहिली तर त्याचं काय जातंय? मना ताकद पाहिजे." त्याचं म्हणजे कोणाचं, हे पुढे सगळ्या कॉलेजला कळलं.

ती पेणच्या खाडीकडची. आजोबांपर्यंत घरची माणसं मिठागरात राबली, वडील बंदरावर ट्रेलर चालवायचे. मी दिघीची, आगरदांड्याच्या फेरीबोटीने खाडी ओलांडून शिकायला आलेली. किनाऱ्यावरच्या एका लहानशा कॉलेजात आम्ही बी.एस्सी.ला होतो आणि एकाच खोलीत राहायचो. ती मोठ्याने बोलायची, भरभर चालायची आणि मी कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत उत्तर सांगून मोकळी व्हायची. संख्याशास्त्र तिला कोणी शिकवावं लागत नसे. तरी दुसऱ्या वर्षी ती नापास झाली ती त्याच विषयात.

तो विषय सबनीस सर शिकवायचे. सर वाईट शिकवत नसत, हे आधीच सांगते. फळ्यावर त्यांचं अक्षर देखणं, आणि बोलणं त्याहून देखणं. पण जो मुलगा त्यांच्यासारखं बोलत नसे, त्याला विषय कळलाच नाही असं ते धरून चालायचे. तोंडी परीक्षेला आम्हा चौघींना एकत्र बोलावलं होतं. शेजारी बाहेरून आलेले परीक्षक बसले होते. सरांनी रसिकाला सरासरी आणि मध्यगा यांतला फरक विचारला.

"सर, एकच आकडा लय मोठा किंवा लय लहान असला, तर तो सरासरीला आपल्याकडं खेचतो. मध्यगाला नाय खेचत."

"नाय?" सर परीक्षकांकडे बघून हसले. "हे 'लय' आणि 'नाय' कोणत्या पुस्तकात आहे?"

परीक्षकही हसले. रसिकाने विचारलं, "पन उत्तर बरोबर हाय ना, सर?"

"आधी माणसांत बोलायला शीक. संख्याशास्त्र नंतर."

तोंडी आणि अंतर्गत परीक्षेत तिला इतके कमी गुण मिळाले की चांगला लेखी पेपर तिला वाचवू शकला नाही. आमच्याकडे प्रत्येक विषयाला दहापैकी ग्रेड पॉइंट असायचे आणि त्यांच्या सरासरीला आम्ही पॉइंटर म्हणायचो. नापास म्हणजे शून्य. बाकीच्या चार विषयांत तिला आठ-नऊ होते, पण त्या एका शून्याने पॉइंटर सातच्या खाली आला. निकाल बघून ती म्हणाली, "बघ, मी तोंडीला जे बोलली तेच त्यानं माझ्यावर करून दाखवलं." मग मेसमध्ये गेली आणि पोटभर जेवली.

परीक्षा विभागातल्या बाईंनी तिला नियम समजावून सांगितला. नुसता पेपर पुन्हा दिला, तर तोंडीचे आणि अंतर्गतचे जुने गुण तसेच राहतात. पास होशील, पण पाच-सहाच्या वर जाणार नाहीस. विषय पूर्ण नव्याने घेतलास, वर्गात बसलीस, तर सगळे गुण नवे, आणि सरासरीतून शून्य जाऊन नवा ग्रेड धरतात. निकालपत्रावर मात्र त्या विषयासमोर दुसऱ्या प्रयत्नाचा तारा छापून येतो. तो कधी निघत नाही.

मी म्हटलं, "पेपर देऊन मोकळी हो. पुन्हा त्या माणसाचं तोंड कशाला बघतेस?"

"मना मोकलं व्हायचं नाय. शून्याच्या जागी दहा पाहिजेत. आनि ते त्याच्या हातानं लिवलेले पाहिजेत."

पुढच्या वर्षी ती आमची तिसऱ्या वर्षाची लेक्चरं सांभाळून ज्युनियर मुलांच्या वर्गात जाऊन बसली. पहिल्या बाकावर, सरांच्या टेबलासमोर. सर म्हणाले, "म्हात्रे, परत?" ती म्हणाली, "व्हय सर. तुमच्याकडं शिकायचं राहिलंय." त्यानंतर तिने एकही तास चुकवला नाही. सरांची फळ्यावर चूक झाली, तर गणित पूर्ण होऊ द्यायची. सर हात झटकून वळले की उभी राहायची. "सर, तिसऱ्या ओलीत चिन्ह बदललंय." घरी बोलायची त्यापेक्षाही जाड आगरी ती त्या वर्गात बोलायची. तिच्या आईने ऐकलं असतं तर तीही हसली असती.

सर घरी शिकवणी घ्यायचे. शिकवणीला जाणाऱ्यांना अंतर्गत गुणांची काळजी नसते, असं मुलं समजून चालायची. रसिकाने कँटीनमागच्या कट्ट्यावर त्याच मुलांना फुकट शिकवायला सुरुवात केली. आधी दोघं-तिघं आले, दिवाळीपर्यंत कट्टा पुरेना. सरांच्या दारातल्या सायकली कमी झाल्या. मी म्हटलं, "थोडी फी तरी घे." ती गंभीरपणे म्हणाली, "पैसं घेतलं की सूड पातल होतो."

दुसऱ्या तोंडीला सरांनी तिला अभ्यासक्रमाच्या काठावरचे प्रश्न विचारले. या वेळी परीक्षक एक बाई होत्या. रसिकाची उत्तरं संपल्यावर त्या सरांना म्हणाल्या, "यापुढे काय विचारणार? मी तर पूर्ण गुण लिहिते आहे." सरांनी पेन उघडलं. आत काय घडलं ते सांगताना रसिका त्या पेनाशी बराच वेळ थांबली. तिला दहा मिळाले आणि त्या सत्राचा पॉइंटर आठाच्या पुढे गेला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मुंबईच्या एका कंपनीत मुलाखतीला आम्ही दोघी मांडव्याहून लाँचने गेलो, तेव्हा तिथे कागद तपासणाऱ्या मुलाने तिचं निकालपत्र बघितलं आणि ताऱ्यावर बोट ठेवलं. कधीही नापास न झालेलेच उमेदवार हवेत, असा त्यांचा नियम होता. मला आत बोलावून तिथल्या तिथे नोकरी दिली, तिला बाहेरूनच परत पाठवलं. परतीच्या लाँचवर ती म्हणाली, "सरासरी दुरुस्त झाली. झालेलं पुसलं गेलं नाय." एवढंच. मांडव्याला उतरल्यावर तिने तीन वडापाव खाल्ले आणि माझ्या नोकरीचं अभिनंदन केलं. त्यात खोट नव्हती.

पुढे ती एम.एस्सी. झाली आणि पनवेलकडच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवू लागली. तिच्या तोंडी परीक्षेत आदिवासी वाड्यांवरची मुलंही न अडखळता बोलतात, असं मी ऐकून आहे.

गेल्या वर्षी सबनीस सर निवृत्त झाले आणि जुन्या विद्यार्थ्यांना बोलावणं आलं. रसिका येणार नाही असं मला वाटलं होतं. ती सर्वांत आधी येऊन बसली होती. भाषणात सरांनी तिचं नाव घेतलं. "ही रसिका. मी हिला एकदा नापास केलं. कठोर झालो, पण त्यातूनच आज ही प्राध्यापक झाली. शिक्षकाला कधी कधी वाईटपणा घ्यावा लागतो." सभागृहात टाळ्या वाजल्या. रसिका हात मांडीवर ठेवून बसली होती. तिच्या कष्टांवर सरांनी सगळ्यांदेखत आपलं नाव टाकलं होतं.

कार्यक्रमानंतर सरांच्या पाया पडायला रांग लागली. ती रांगेत उभी राहिली, मी तिच्या मागे. तिची पाळी आली. ती वाकली नाही. सरांचा आशीर्वादासाठी उचललेला हात तसाच राहिला.

"अजून राग आहे का गं?" सरांनी हसून विचारलं. "एवढी वर्षं झाली."

"हाय, सर." तिचा आवाज शांत होता, मागच्या रांगेला ऐकू जाईल इतका मोठा. "नोकरी हाय, घर हाय, एक पोरगी हाय. रागबी हाय. सगलं मावतंय. आनि मी शिकली ती तुमच्यामुलं नाय. तुमी असताना शिकली."

सरांनी हात खाली घेतला. ती बाजूला झाली. मी पुढे गेले, नमस्कार केला, तो उभ्यानेच.

बाहेर ती चपला घालत होती. "तू वाकलीस?"

"नाही."

"मग चल," ती म्हणाली, आणि आम्ही एसटी स्टँडच्या रस्त्याला लागलो.