बारा अमेरिकन कुटुंबं

"मला एवढंच सांग, प्रोफेसर," हॅरी म्हणाला. "तुझा तो आकडा खरा आहे ना?"

तो माझ्या टेबलाशी उभा होता. हातात एचआरने दिलेला कागद, चार घड्या घातलेला. कंपनीने वयस्कर लोकांना स्वेच्छेने लवकर निवृत्त होण्याची योजना दिली होती. अटी चांगल्या होत्या. सही शुक्रवारपर्यंत करायची होती, आणि तो मंगळवार होता.

मी जेवणाच्या सुट्टीत ब्रेडच्या डब्याशेजारी पुस्तक उघडून बसायचो, म्हणून हॅरी मला प्रोफेसर म्हणायचा. तो टेस्ट बेंचचा प्रमुख होता. टेस्ट बेंच म्हणजे इंजिन गाडीत न बसवता लोखंडी चौकटीवर बांधून तासन् तास चालवण्याची जागा. आइंडहोवनजवळच्या आमच्या कंपनीत मोटार बनवणाऱ्यांसाठी डिझेल इंजिनांच्या चाचण्या व्हायच्या. हॅरी बंद दाराबाहेर उभा राहून, नुसत्या आवाजावरून कोणता सिलिंडर कुरकुरतोय ते सांगायचा. मी प्रॉडक्ट प्लॅनिंगमध्ये होतो. मला इंजिनाचा आवाज कळत नसे. मी कागद लिहायचो.

या वेळचा कागद असा होता: अमेरिकेत डिझेलच्या मोटारी खपतील का?

ही दहाबारा वर्षांपूर्वीची गोष्ट. युरोपात तेव्हा डिझेल मोटारी सर्रास दिसत. अमेरिकेत डिझेल म्हणजे ट्रक. आमच्या एका ग्राहकाला तिथे मोटारी उतरवायच्या होत्या. माझा फोरकास्ट, म्हणजे पुढच्या काही वर्षांत किती खपतील याचा अंदाज, चांगला आला तर आमच्याकडे अमेरिकन विभाग निघणार होता आणि हॅरीचा बेंच त्यात जाणार होता. वाईट आला तर बेंच बंद होणार होता. हॅरीला दोन्हीचं वाईट वाटत नव्हतं. बेंच बंद होणार असेल तर तो सही करून घरी जाणार होता. बायको तोस हिच्याबरोबर मास नदीच्या उगमापर्यंत रेल्वेने जायचं आणि तिथून नदीच्या कडेने सायकलवर घरी यायचं, असं दोघांचं ठरलं होतं. त्यांचं घर मास नदीकाठच्याच एका गावात. "सगळा उतारच आहे," तो सांगायचा. तोसने सायकलला अडकवायच्या दोन पिशव्या आणूनही ठेवल्या होत्या. पण बेंच चालू राहणार असेल तर तो दुसऱ्या कोणाच्या हातात देऊन जाणं त्याच्याच्याने होत नव्हतं.

म्हणून तो विचारायला आला होता.

आता आकडा कुठून आला ते सांगतो.

मला दोन आठवड्यांसाठी अमेरिकेला पाठवलं होतं. मुलाखती जमवून देणाऱ्या एजन्सीने ऐनवेळी हात वर केले. मी न्यू जर्सीत एका मोटारींच्या शोरूमच्या दारात दोन दिवस फॉर्म घेऊन उभा राहिलो. मी मुळात अबोल. अनोळखी माणसाला थांबवणं मला जमत नाही. तिघेजण थांबले. एका म्हाताऱ्या गृहस्थाने सांगितलं की त्याच्या वडिलांकडे डिझेल गाडी होती, थंडीत सुरूच व्हायची नाही, आणि ते नाव त्याच्या घरात आता निघत नाही. एका बाईने विचारलं, तो पंप ट्रकवाल्यांच्या बाजूला असतो ना? हाताला वास येतो ना? मग कशाला? तिसऱ्याची गाडी लीजवर होती. तीन वर्षांनी ती परत देऊन तो नवी घेणार होता. पेबॅकचा प्रश्न त्याला समजलाच नाही. पेबॅक म्हणजे, डिझेल गाडी घेताना महाग पडते पण इंधन कमी खाते, तर तो जादा खर्च किती वर्षांत भरून निघेल. तो म्हणाला, "तोवर गाडी माझ्याकडे असेल कशाला?"

तिघांनीही फॉर्म अर्ध्यावर सोडला.

मी उतरलो होतो माझ्या आतेभावाकडे. मुकुंददादा तिथे बरीच वर्षं होता. माझा चेहरा बघून त्याने रविवारी तिथल्या मराठी मंडळातल्या लोकांना घरी बोलावलं. बटाटेवडे झाले, चहा झाला, आणि दादाने सगळ्यांच्या हातात फॉर्म दिले. "पोरगा हॉलंडहून आलाय, नीट भरा. परीक्षा आहे समजा."

त्यांनी परीक्षेसारखेच भरले. बारा कुटुंबं, त्यातल्या नऊ घरांत इंजिनिअर. पहिला प्रश्न मी त्यांना विचारायच्या आधी त्यांनीच मला विचारला: ॲव्हरेज किती देते? एका काकांनी पेबॅक फॉर्मच्या मागच्या बाजूला करून दाखवला, माझ्याहून नीट. गाडी दहा वर्षं वापरायची हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. हायवेवर जास्त जाणाऱ्याला डिझेलच परवडेल, यावर एकमत झालं. दादा म्हणाला, "बघ, अमेरिका जिंकलीस. वडा घे अजून एक."

मी हसलो होतो. तो विनोद आहे हे मला तेव्हा कळत होतं.

आइंडहोवनला परत आल्यावर लिहायला बसलो. फॉर्मवरची नावं गोपनीयतेच्या नियमाप्रमाणे काढायची असतात. ती काढली. कुटुंब एक, कुटुंब दोन, असे बारा झाले. नावं गेल्यावर कागद फार स्वच्छ दिसू लागला. शोरूमच्या दारातले तीन फॉर्म "अपूर्ण" या खान्यात टाकले, कारण ते अपूर्ण होते. मी लिहिलं, "न्यू जर्सीतील बारा अमेरिकन कुटुंबांच्या सविस्तर मुलाखती." सगळे अमेरिकेत राहत होते, बरेचसे नागरिकही होते. त्या रिपोर्टमध्ये तुम्हाला खोटं वाक्य सापडणार नाही. मी ते पुन्हा पुन्हा वाचून बघितलंय.

बारा घरांवर कोणी एवढा मोठा अंदाज बांधत नाही, हे खरं. बाकीची आकडेवारी इकडून तिकडून घेतलेली होती. पण "ग्राहक कसा विचार करतो" ही मॉडेलमधली जागा त्या बारा घरांनी भरली, आणि बाकी सगळं त्यावर उभं राहिलं. आलेला आकडा इथे देत नाही. तो चुकीचा होता, एवढं पुरे.

मीटिंगमध्ये आमचा बॉस, रूड, फार खूश झाला. डच माणूस डिझेल घेताना असाच विचार करतो. इथे डिझेल गाडीचा रोड टॅक्स जास्त, म्हणून वर्षाला किती किलोमीटर झाले की परवडेल, हे तो तोंडपाठ सांगतो. रूड म्हणाला, "म्हणजे तेही आपल्यासारखेच निघाले." टेबलाभोवतीचे सगळे समाधानाने हसले. आपल्यासारखे नाहीत, माझ्यासारखे आहेत, हे सांगायची ती वेळ होती. मी पाणी प्यायलो.

आणि मग मंगळवारी हॅरी आला.

"किती लोकांशी बोललास?" त्याने विचारलं.

"बारा कुटुंबांशी. घरी बसून."

"साधी माणसं ना? तुझ्यामाझ्यासारखी इंजिनातली नाहीत?"

नऊ घरं माझ्या डोळ्यांपुढे आली. मुकुंददादाच्या दारातली चपलांची रांगही आली.

"साधी माणसं," मी म्हणालो.

"मग ठीक." त्याने कागदाची आणखी एक घडी घातली आणि खिशात ठेवला. शुक्रवारी सही केली नाही.

अमेरिकन विभाग दोन वर्षंही चालला नाही. मागणी आलीच नाही. ग्राहकाने पहिल्याच हिवाळ्यात आकडे खाली आणले, मग आणखी खाली. त्याच सुमारास एका मोठ्या कंपनीचं डिझेलच्या धुराच्या चाचण्यांतल्या फसवणुकीचं प्रकरण जगभर गाजलं, आणि आमच्याकडे सगळ्यांना कारण मिळालं. विभाग बंद झाला तेव्हा रूडने निरोपाच्या भाषणात सांगितलं की असं काही होईल हे कोणालाच दिसलं नसतं. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. माझे फॉर्म पुन्हा कोणी उघडले नाहीत. मला आजवर कोणी एका शब्दाने विचारलं नाही, आणि ते मला बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

बेंच सुटा करून नेला तेव्हा हॅरी शेवटचा बोल्ट स्वतः काढायला थांबला होता. त्याचा उजवा हात थरथरत होता. मला वाटलं, वाईट वाटल्यामुळे. तो पार्किन्सन होता. त्या वसंतात त्याला सायकलवर तोल सांभाळता येईना.

या हिवाळ्यात हॅरी गेला. अंत्यविधीनंतर कॉफी आणि केकसाठी सगळे थांबले होते. मी कोपऱ्यात उभा होतो. तोस माझ्यापाशी आली आणि म्हणाली, तुमच्याबद्दल तो नेहमी सांगायचा. ऑफिसात सगळे बडबडतात, प्रोफेसरने सांगितलं म्हणजे झालं. मी तिचा हात धरला.

तीन आठवड्यांनी तिने फोन करून बोलावलं. सकाळी साडेदहा, कॉफीला. टेबलावर त्या दोन पिशव्या होत्या, दुकानाची चिठ्ठी अजून लावलेली. "तुम्ही सायकलने ऑफिसला जाता ना? घेऊन जा. मला कपाटात जागा हवी आहे."

मी पिशव्यांना हात लावला नाही. मी तिला सगळं सांगितलं. शोरूमचं दार, बटाटेवडे, काढलेली नावं, मंगळवार. माझं डच अशा वेळी फार तुटक होतं. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"बारा," ती म्हणाली. "आणि बाराही तुमचेच?"

"बाराही आमचेच."

तिने कपात दूध घातलं, ढवळलं.

"हे तुम्ही हॅरीला सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "तो खूप हसला असता. टेबल बडवून हसला असता. आणि मग त्याने सही केली असती."

ती रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. निघताना तिने पिशव्या माझ्या हातात दिल्याच, आणि इकडे ब्राबांट प्रांतात निरोप देताना सगळे म्हणतात तसं "हौदू" म्हणून दार लावलं.

पिशव्या आता माझ्या सायकलला आहेत. चांगल्या आहेत, पाणी आत जात नाही.

मी अजून हेच काम करतो. आता विषय बॅटरीच्या मोटारींचा असतो. नव्या मुलांना फोरकास्ट शिकवताना पहिल्या दिवशी मी बारा अमेरिकन कुटुंबांची गोष्ट सांगतो. मुलं खूप हसतात. मग मी धडा सांगतो: अंदाज वाचताना आकडा शेवटी बघा, आधी विचारा की कोणाला विचारलंत आणि ते तुमचे कोण लागतात. ते वहीत लिहून घेतात आणि मी पुढची स्लाइड लावतो.

इतकी वर्षं ती गोष्ट मी तिथेच संपवत आलो. हॅरी त्यात नसायचा.