कुरुंदवाडची वाचणारी पोरं आणि माझी रंगीत लेबलं

कोणत्या वयाच्या मुलाला कोणतं पुस्तक द्यावं, हे मी गेली नऊ वर्षं या ब्लॉगवर सांगत आले आहे. ज्यांच्यासाठी सांगते ती मुलं मात्र क्वचितच समोर असतात. म्हणून शबानाचा फोन आला, "नुसतं लिहीत काय बसलीयास? ये की हिकडं, माझ्या पोरांना पुस्तकं दे निवडून," तेव्हा मी लगेच हो म्हटलं. शबाना माझी डी.एड.ची मैत्रीण. वडिलांचं शिवणकामाचं दुकान बंद झाल्यावर तिने कुरुंदवाडला त्याच जागेत मुलांसाठी वाचनालय काढलंय. जानेवारीतला एक शुक्रवार पकडला, साठ पुस्तकं दोन खोक्यांत भरली आणि पुण्याहून गाडी काढली.

निघण्याआधी दोन संध्याकाळी बसून प्रत्येक पुस्तकावर मी रंगीत लेबल चिकटवलं होतं. सहा ते आठ वर्षं हिरवं, आठ ते दहा पिवळं, पुढे निळं, आणि तेरा ते पंधरा लाल. लेबलावर वयही ठळक छापलेलं. ही माझी खास पद्धत, आणि खरं सांगते, मला तिचा फार अभिमान होता.

साताऱ्यापुढे रस्त्याचं काम चालू आहे, त्यामुळे कोल्हापूरला पोचायला साडेपाच तास लागले. स्टेशनजवळच्या साध्या लॉजवर मुक्काम केला. खोली स्वच्छ, गरम पाणी मात्र सकाळी आठपर्यंतच. शनिवारी सकाळी कोपऱ्यावरच्या मिसळवाल्याकडे गेले. मी घाबरत घाबरत पावाचा तुकडा रश्श्यात बुडवतेय हे बघून मालक गल्ल्यावरूनच ओरडले, "पावणं, पाव कोरडा खायाला आलाय व्हय? घाला की कट!" घातला. त्या लाल, तिखट रश्श्याने डोळ्यांतून पाणी आलं, पण दुसरी वाटी मीच मागितली.

तिथून कुरुंदवाड दीड तास. हातकणंगले, जयसिंगपूर, शिरोळ असा रस्ता आहे. सध्या ऊसतोडणीचे दिवस असल्याने पुढे उसाच्या ट्रॉल्या असतात आणि त्यांना ओलांडायची घाई अजिबात करू नये. शबानाने वाटेकडे डोळे लावूनच ठेवले होते. वाचनालयात वीसेक मुलं सतरंजीवर बसलेली.

मी ठरवलेला खेळ सोपा होता. मुलाने उठून आपल्याला काय आवडतं ते सांगायचं आणि मी पुस्तक काढून द्यायचं. सातवीतला एक जण म्हणाला, "कुस्तीचं हाय का?" कुस्तीचं नव्हतं. मी त्याला हाडं आणि स्नायू कसे काम करतात याचं चित्रांचं पुस्तक दिलं. त्याने खांद्याचं पान उघडलं आणि शेजाऱ्याच्या खांद्यावर लगेच प्रयोग सुरू केला. भुताच्या गोष्टी मागणाऱ्या दोघी बहिणींना मी मुद्दाम विनोदी भुतं दिली. (पालकहो, तेराव्या वर्षी मुलं भीतीच्या गोष्टी मागतात त्यात काही बिघडलेलं नसतं. द्या.) गावाकडच्या मुलांना गावाकडच्याच गोष्टी रुचतील म्हणून मी तशी बरीच आणली होती. त्यांना कुणी हातही लावला नाही. ऑक्टोपसच्या पुस्तकावरून मात्र भांडण झालं.

मग अक्षता उठली. नववीतली, उंच, अंग चोरून उभी राहणारी. "नदीचं पायजे," ती म्हणाली. "पूर का येतोय, ते."

मला आनंद झाला. नदीवरचं एक उत्तम माहितीपर पुस्तक माझ्याकडे होतं, जाडजूड, लाल लेबलाचं. ते तिच्या हातात देऊन मी म्हटलं, "दोन ओळी वाच बघू." ती अडखळली. जोडाक्षरापाशी थांबली, पुन्हा मागे गेली. मी अगदी मायेने, पण सगळ्यांसमोर म्हणाले, "मग तू आधी हे सोपं घे," आणि नदीचंच एक पातळ पुस्तक पुढे केलं. पिवळं लेबल.

तिसरीतली एक चिमुरडी पुढे वाकून ओरडली, "हे तर माझ्या वयाचं हाय की!"

सगळे हसले. अक्षताने दोन्ही पुस्तकं खाली ठेवली, चपला घातल्या आणि निघून गेली.

मुलं गेल्यावर शबाना माझ्यावर बरसली. "सातवीपर्यंत ती आईच्या माहेरी कन्नड शाळेत होती. मराठी आता कुठं वाचाय लागलीया. तीन महिनं नुसती दारात उभी ऱ्हायाची, आत येत नव्हती. आणि तू तिला तिसरीत बसवलीस की."

"आता ती परत येणार नाही का गं?"

"मला काय म्हाईत?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच संध्याकाळी खोबरेल तेलाची बाटली घेऊन मी वाचनालयातच खाली बसले आणि एकेक लेबल नखाने खरवडून काढलं. थोड्या वेळाने शबानाही शेजारी येऊन बसली. साठ लेबलं निघेपर्यंत दोघींची बोटं तेलकट आणि पाठी आखडलेल्या.

रात्री शबानाकडेच राहिले आणि रविवारी सकाळी आम्ही दोघी अक्षताच्या घरी गेलो. तिच्या आईने चहा टाकला. मी काही प्रस्तावना केली नाही. "अक्षता, काल माझं चुकलं," म्हणाले आणि नदीचं जाड पुस्तक पुढे धरलं.

तिने ते घेतलं नाही. मला निरखत विचारलं, "तुमास्नी कन्नड वाचाय येतं व्हय?"

"नाही."

ती आत गेली आणि एक जुनं, कोपरे दुमडलेलं कन्नड पुस्तक घेऊन आली. पहिलीचं. "वाचा की."

सत्तेचाळिसाव्या वर्षी, चहाचा कप हातात धरून, मी त्या गोल गोल अक्षरांकडे बघत बसले. एकही ओळखीचं नव्हतं. अक्षताने बोट ठेवून सांगितलं, "मने. म्हंजे घर. मर, म्हंजे झाड." मी पुन्हा म्हटलं आणि पुढच्याच पानावर दोन्हींची अदलाबदल केली. तिची आई पदर तोंडाशी धरून हसायला लागली. "अव्वा, हसू नकोस," अक्षता तिला दटावून म्हणाली. "शिकतीया ती."

पहिलीचं पुस्तक तिने मला देऊन टाकलं. माझं जाड पुस्तक मी बसले होते त्या कट्ट्यावरच राहिलं. ती ते उचलेल की नाही, मला कळलं नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही.

परतताना नदीपलीकडे वाडीला दत्ताचं दर्शन घेतलं. गर्दी टाळायची असेल तर गुरुवार आणि पौर्णिमा सोडून जा. पावसाळ्यात मात्र आधी चौकशी करा, कारण पाणी थेट देवळात येतं. बासुंदी खाल्ली, पेढे घेतले आणि रात्र व्हायच्या आत पुणे गाठलं.

या ब्लॉगवरच्या जुन्या याद्यांमधला वयाचा रकाना मी आता काढून टाकतेय. काम बरंच आहे. त्या जागी पुस्तक कशाबद्दल आहे आणि अक्षरं केवढी आहेत, एवढंच लिहितेय. मुलांना काय पेलेल ते मुलं बघून घेतील. सहल म्हणून विचाराल तर तीन दिवस झकास गेले, पण अक्षताची हुरहूर काही जाईना.

गुरुवारी शबानाचा फोन आला. "थांब, एकजण बोलतीया."

"मॅडम," अक्षताचा आवाज. "नदीचं पुस्तक लई भारी हाय. अकरावं पान चालू हाय. तुमचं कितवं?"

"चौथं," मी ठोकून दिलं.

"चौथ्यावर काय हाय?"

मी ते कन्नड पुस्तक कुठे ठेवलंय ते शोधायला लागले.

"वाचा की ओ," ती हसत म्हणाली. "मी उद्या इचारणार हाय."

फोन ठेवला, गॅसवरची आमटी बंद केली आणि दुसरं पान उघडून बसले.