भावजींची मोटार

आमचे धाकटे दीर, भावजी, गेले त्याच्या थोडं आधी मी त्यांना भेटायला जालन्याला गेले होते. कान निम्मेअधिक गेलेले, डोळे मिटलेले. मी खाटेशी वाकले न वाकले तोच म्हणतात कसे, "वैनी, कायतरी वाजून राह्यलंय..." देवाचं नाव नाही, काही नाही. मरतानाही या माणसाला खडखडच.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. हैदराबादला बदलून गेलेल्या एका साहेबाची जुनी मोटार भावजींनी घेतली आणि माणूस कामातून गेला. इंजिन कसंही ओरडो, त्यांना चाले. आतली खडखड मात्र सोसवत नसे. दारांची अस्तरं उसवून आमच्या आडतीच्या दुकानातला कापूस कोंबला, काचांच्या फटीत चामडं ठोकलं, माझी चांगली सतरंजी फाडून सीटखाली घातली. मोटारीची गादी-गिरदी झाली, खडखड होतीच. ती कुठून येते हे ऐकायला मागं मला बसवत. मी नवी थोरली सून. सासूबाईंनी सोपवलेल्या किल्ल्यांचा हा एवढा जुडगा कमरेला, नाक आढ्याला, अक्कल बेताची. "डाव्या दारातून!" मी ठणकावून सांगे. भावजी डावं दार उसवत. एकटे गेले की मोटार गुमान चाले, म्हणून त्यांनी शोध लावला, "वैनी, तुमच्या वजनानं वाजती, बिलकुल!" मी महिनाभर बोलले नाही.

मंग तीर्थपुरीला भावजींसाठी मुलगी बघायला निघालो. भिस्त सगळी मोटारीवर. भावजींच्या रूपावर ठेवावी असं काही नव्हतंच. चहापाणी झालं, मुलीचे वडील म्हणाले, "आम्हाला एक चक्कर मारवा की." ते पुढं बसले, मुलगी, गोदावरी, माझ्याशेजारी मागं. वेशीबाहेर पडतो तो खडखड सुरू.

"पाव्हणं, लई ढिली दिसती मोटार," वडील म्हणाले. "पोरगी द्यायची म्हंजे इचार करावा लागंल."

भावजींचे कान लाल. लग्न तिथंच मोडत होतं. तेवढ्यात गोदावरीनं माझ्याकडं न बघता हात लांबवला आणि माझ्या कमरेचा जुडगा मुठीत धरला. खडखड बंद! सोडला, सुरू. धरला, बंद. माझं नाक आढ्यावरून पायाशी आलं.

भावजींनी करकचून ब्रेक लावला. "बघा! ह्या बसल्या अन् वजन बराबर झालं! मला मुलगी पसंत हाय!"

"सांगू नका हं," गोदावरी माझ्या कानात हसली.

सांगितलं नाही. वजनाचं हे शास्त्र ते जन्मभर गावाला शिकवत राहिले, आणि मागच्या सीटवर माझ्या या जावेचा हात माझ्या कमरेला. त्या दिवशी खाटेशीही तिनं तेच केलं. "थांबलं," ते म्हणाले... आणि झोपले.

तेरावा झाल्यावर त्यांची खोली आवरायला घेतली. मोटार कधीच भंगारात गेली, पण खोलीच्या खिडक्यांच्या फटींत त्यांनी कोंबलेला कापूस अजून आहे. मी वाकले, किल्ल्या वाजल्या. गोदावरीचा हात सवयीनं पुढं आला... आणि मध्येच थांबला.

"वाजू द्या आक्का," ती म्हणाली. "आता कोण ऐकून राह्यलंय."

मी जुडगा मुठीत घट्ट धरला.