आखूड साखळ्यांचा दोर

विहिरीवर प्लास्टिकचा नवा दोर तुटला आणि मैनाबाई पाठीवर आपटली. तिच्या नवऱ्यानं, बापूजींनी, तुटलेलं टोक नखानं खरवडलं. त्याचा भुगा पडला. दिग्रसच्या जिनिंग कारखान्यात जन्मभर रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठी उचललेल्या त्या माणसाला खोट्या मालाची किळस यायची.

"गाठ मारून द्या, चालते," कंबर धरून मैनाबाई म्हणाली. "मले पाणी काढाचं हाय."

"दुकानदार म्हणे, सरासरी माल चांगला हाय. मंग तुटला काहून?" बापूजींनी विचारलं.

त्यांची नात निशिगंधा कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती. "आबाजी, प्लास्टिक म्हणजे डोळ्याले न दिसणाऱ्या साखळ्या. काही लांब नि जड, काही आखूड नि हलक्या. हा दोर जुनं प्लास्टिक वितळवून केला असन; वितळवता वितळवता साखळ्या तुटून आखूड होतात, नि आखूड साखळ्या एकमेकीले धरून राहत नाहीत. त्यात थोड्या लांब साखळ्या मिसळल्या का सरासरी वजन बरोबर दिसते. पण कोणत्या वजनाच्या किती साखळ्या हायेत, ते पाहा लागते. त्यालेच रेणुभाराचं वितरण म्हणतात."

"म्हंजे गाठीच्या वरून चांगली रुई, नि पोटात कचरा."

"तसंच समजा. गाठ मारली तरी आखूड साखळ्या बाकी दोरात हायेतच. तो दुसरीकडे तुटन."

"थू!" बापूजी थुंकले.

"आणला कोणं?" मैनाबाई फणकारली. "दोर वळाचा कंटाळा तुमालेच आलता ना?"

बापूजींनी तो दोर कुणी पुन्हा बांधू नये म्हणून विळ्यानं त्याचे तुकडे केले. मग अंबाडीच्या सालीचा वाख ओढून घेतला, त्यातले आखूड धागे उपटून फेकले आणि दोर वळायला बसले.