पहिला आलेला मुलगा आणि पॉलिमरचा धडा

"पॉलिमर मी सरळ ऑप्शनला टाकला होता," असं नीलेश माइकवर म्हणाला आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मी स्टेजवरच बसले होते. केमिस्ट्री मी शिकवायचे, त्यामुळे टाळ्या वाजवाव्यात की उठून जावं हे मला कळेना.

ऑप्शनला टाकणं म्हणजे काय, ते आधी सांगते. बारावीच्या पेपरात बहुतेक प्रश्नांत पर्याय असायचे. पाचपैकी तीन सोडवा, चारपैकी दोन सोडवा, असं. मग मुलं हिशोब मांडायची, की अमुक धडा वाचलाच नाही तरी पर्यायांच्या जोरावर पूर्ण पेपर सुटतो. असा धडा सोडून द्यायचा, त्याला म्हणायचं ऑप्शनला टाकला. चोरी नव्हे, कॉपी नव्हे. जुगार मात्र होता. आणि त्याला मुलं 'प्लॅनिंग' म्हणायची.

आमचं धुळ्यातलं ज्युनिअर कॉलेज. ऐंशीच्या दशकाची अखेर. दर जुलैत नव्या बारावीसाठी मार्गदर्शनाचा कार्यक्रम असे. मागच्या वर्षी पहिला आलेला मुलगा यायचा, हार घालून घ्यायचा, आणि अभ्यास कसा केला ते सांगायचा. खुर्च्या कमी पडायच्या. शिंदखेडा, साक्री, पारोळा, कुठकुठून पालक यायचे. मुलाच्या पाठीवर हात फिरवून बघायचे, जणू मार्क अंगाला लागलेले असतात.

नीलेशला केमिस्ट्रीत शंभरात अठ्ठ्याण्णव होते. पुण्याला मेडिकलला लागला होता. नवा शर्ट, कपाळाला गंध, बोलणं छान. पहाटे उठा, लिहून काढा, जुने पेपर सोडवा, हे सगळं त्याने सांगितलं. ते बरोबरच होतं. आणि शेवटी हा पॉलिमर.

पॉलिमर म्हणजे नायलॉन, रबर, प्लॅस्टिक यांचा धडा. पुस्तकाच्या अगदी शेवटी. अवघड काही नाही, पण नावं लांबलचक आणि पाठांतर फार. मुलांना तो नकोसाच असायचा. त्यात पहिल्या आलेल्याने सांगितलं की सोडा. उपाशी माणसाला कुणी सांगावं की आज एकादशी नाही, तशी मुलं खूश झाली.

मी प्राचार्यांकडे वाकून म्हणाले, "सर, मी दोन शब्द बोलू का? हे चुकीचं सांगतोय तो."

"मॅडम, आज त्याचा दिवस आहे," ते हळूच म्हणाले. "उद्या वर्गात सांगा ना. वर्ग तुमचाच आहे."

त्यांचंही खोटं नव्हतं. पाहुण्या मुलाला त्याच्या आईवडिलांदेखत स्टेजवर खोडून काढायचं, हे मलाही जड गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं. अगदी फळ्यावर लिहून सांगितलं. पर्याय हे परीक्षेत अडलात तर हात द्यायला असतात, आधीच खर्च करून टाकायला नसतात. आणि पेपर काढणारा दर वर्षी वेगळा माणूस असतो. त्याला काय आवडेल ते नीलेशला कुठून कळणार?

मागून एक जण म्हणाला, "पण मॅडम, नीलेशदादाला अठ्ठ्याण्णव आहेत."

मला बीएस्सीला किती होते ते मी कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखे नव्हतेच. बारा वर्षं तो विषय शिकवल्याचं वजन एका मार्कशीटपुढे काहीच नसतं. मुलं हसली, मीही हसले, आणि पुढे शिकवायला लागले.

त्या वर्गात सुरेखा होती. शिंदखेड्याजवळच्या गावची. धुळ्यात मामाकडे राहायची. तिचे वडील गावच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे जखमा धुऊन पट्टी बांधणारे. गावात सगळे त्यांना आबा म्हणत. सारा जन्म डॉक्टरच्या मागे ट्रे धरून उभा राहिलेला माणूस. एकदा कॉलेजात फी भरायला आले तेव्हा मला म्हणाले होते, "मॅडम, आमनी सुरेखा खुर्चीवर बसाले जोयजे." डॉक्टरच्या खुर्चीवर बसायला पाहिजे, असं त्यांना म्हणायचं होतं. दुसरं काही त्यांनी मागितलं नाही, माझ्याकडे काय किंवा देवाकडे काय.

पोरगी हुशार होती. उगाच म्हणत नाही. एखादी रिअॅक्शन का होते ते कळल्याशिवाय पुढे सरकायची नाही. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी उभी असायची. "मॅडम, एकच विचारायचं होतं," असं म्हणून चार विचारायची. मला ती फार आवडायची. मुलांमध्ये डावं उजवं करू नये असं बीएडला शिकवतात, पण शिकवणाऱ्यांनीही ते कधी पाळलं नसेल.

पॉलिमर मी जानेवारीत शिकवायला घेतला तेव्हा निम्मा वर्ग रिकामा होता. जे होते त्यातले बरेच बाकाखाली बायोलॉजी वाचत होते. सुरेखाही.

तास संपल्यावर मी तिला थांबवलं. "तू सुद्धा?"

ती ओशाळली. "मॅडम, बायोलॉजीचा पोर्शन फार राहिलाय. नीलेशदादाने त्या वेळात बायोलॉजीच केलं होतं. मी कार्यक्रमानंतर त्याला विचारलं होतं."

"अगं, निदान एकदा वाचून तरी काढ."

"शेवटी वाचते मॅडम. नक्की."

तिने खोटं सांगितलं नाही. तिला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. पण बारावीला शेवट म्हणून वेळ शिल्लक राहतच नाही. मी आणखी रागवायला हवं होतं का, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. मी रागावले म्हणून ती वाचायला बसली असती असं मला वाटत नाही. तिच्यासमोर एक जिताजागता मुलगा होता, जो तो धडा न वाचता डॉक्टर व्हायला गेला होता. मी काय, नुसतं बोलत होते.

मार्चमध्ये पेपर झाला. त्या वर्षी पेपर काढणाऱ्याला पॉलिमरची काय माया आली होती देव जाणे. एक मोठा प्रश्न त्यावर, आणि तो अशा ठिकाणी की जिथे पर्यायच नव्हता. बाकी दोन ठिकाणीही त्यातलंच थोडंथोडं.

पोरं एकेक करून बाहेर आली. एरवी पेपर सुटल्यावर गेटपाशी बाजार भरतो, तुझं उत्तर काय, माझं काय. त्या दिवशी तसं काही नव्हतं. सुरेखा लिंबाच्या झाडाखाली सायकलच्या कॅरिअरला टेकून उभी होती. मला बघून तिने मान खाली घातली.

"बाकी सगळं आलं मॅडम," ती म्हणाली. "सगळं."

"मग झालं तर. आता बायोलॉजी बघ. मागे वळून बघू नकोस."

असं म्हणायचं असतं म्हणून म्हणाले.

मेडिकलची अॅडमिशन तेव्हा बारावीच्या मार्कांवरच व्हायची. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी या तिन्हींची बेरीज करायची, तिला सगळे पीसीबी म्हणायचे. त्या बेरजेवर यादी लागायची. सुरेखाची बेरीज दोन मार्कांनी कमी पडली. फिजिक्सला, बायोलॉजीला उत्तम मार्क होते. केमिस्ट्रीत पॉलिमरपाशीच कमी पडले होते.

यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी आबा माझ्या घरी आले. पहिल्या एसटीने निघाले असणार. पाणी दिलं ते हातात धरून बसले.

"मॅडम, दोन मार्कंना काय व्हस? पेपर परत तपासतीन का?"

मी सांगितलं की बेरीज पुन्हा तपासतात, पेपर नाही. बेरीज चुकलेली नाही.

"मंग पोरगीनं काय चुकनं, इतलंच सांगा."

मी त्यांना सगळं सांगितलं. पर्याय, पॉलिमर, जुलैतला कार्यक्रम. ते नीट ऐकत होते. दवाखान्यात डॉक्टरचं ऐकायची सवय होती त्यांना. माझं झाल्यावर म्हणाले, "तो पोऱ्या पहिला उना व्हता ना?"

"हो."

"मंग त्यानं आयकं, त्यामा काय चुकनं?"

पहिल्या आलेल्याचं ऐकलं, यात चुकलं काय? आम्हीच तर त्या मुलाला हार घालून, माइक देऊन सांगितलं होतं, की याचं ऐका.

पुन्हा परीक्षेला बसण्याचं बोलणं मीच काढलं. आबा तयार होते. सुरेखाच नको म्हणाली. मामाची खोली लहान, त्यांची स्वतःची मुलं आता मोठी झालेली, आणखी एक वर्ष त्यांच्या घरी राहायचं तिला जिवावर आलं होतं. त्यात सगळे विषय पुन्हा द्यावे लागायचे. तिने आमच्याच आवारातल्या सीनिअर कॉलेजला बीएस्सीला नाव घातलं. होस्टेलला जागा मिळाली. आबा पुन्हा माझ्याकडे आले नाहीत. रागाने नाही. काय बोलायचं, म्हणून आले नसतील.

दिवाळीच्या सुट्टीत नीलेश पेढे घेऊन आला. पहिल्या वर्षाची कुठलीशी परीक्षा चांगली गेली होती. मी त्याला सुरेखाचं सांगितलं. मुद्दाम सांगितलं, कारण मी चिडलेली होते.

त्याने पेढ्यांचा बॉक्स मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, तो धडा मी ऑप्शनला टाकला नव्हता."

"म्हणजे?"

"तुम्ही पॉलिमर शिकवत होता तेव्हा मला कावीळ झाली होती. महिनाभर उठता येत नव्हतं. आठवतं ना? बरा झालो तेव्हा वेळच उरला नव्हता. तेवढा एक धडा राहिला. परीक्षेला जाताना इतका घाबरलो होतो, की आई नवस बोलली होती. नशिबाने त्या वर्षी त्यातलं फारसं आलं नाही."

कावीळ मला आठवत होती, धडा राहिल्याचं कधी कळलं नव्हतं. "मग स्टेजवर तसं का नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार मॅडम? सगळे विचारत होते, प्लॅनिंग काय, प्लॅनिंग काय. कावीळ झाली आणि देवाने वाचवलं, असं सांगितलं असतं तर हसले असते सगळे."

"हसले असते रे," मी म्हणाले. "आणि घरी जाऊन पॉलिमर वाचला असता."

तो रडला. एकोणीस वर्षांचं पोर ते. त्याने काही मुद्दाम केलं नव्हतं. स्टेजवर चढवून यशाचं रहस्य विचारलं, की माणसाला काहीतरी रहस्य सांगावंच लागतं. माझा राग उतरला, पण वाईट वाटायचं ते राहिलंच. पेढे मी खाल्ले नाहीत, शेजारी देऊन टाकले.

पुढच्या जुलैत मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "सर, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं म्हणतात. यंदा एखाद्या ठेच लागलेल्यालाही बोलावू या. सुरेखाला बोलावू या."

"मॅडम, हा गुणगौरव आहे," ते म्हणाले. "ठेच लागलेल्याला हार कसा घालायचा?"

"हार नका घालू. पाच मिनिटं द्या."

माणूस वाईट नव्हता. "पहिल्या मुलाचं भाषण झाल्यावर द्या," म्हणाले. "आणि पालकांसमोर उगाच रडारड नको."

मी तशीच लॅबकडे गेले. सुरेखा व्हरांड्यात अॅप्रन घडी करत उभी होती. मी तिला सांगितलं, की स्टेजवर येऊन फक्त एवढंच सांग, तुझं काय झालं ते. नव्या मुलांचं भलं होईल.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, तुमच्यासाठी मी येईन," ती म्हणाली. "पण उपयोग होणार नाही. पहिला आलेला त्याचं सांगून गेल्यावर मी उभी राहणार. पोरं म्हणतील, हिला स्वतःला जमलं नाही, ही आम्हाला काय शिकवते. खरं सांगा, माझ्या वेळी माझ्यासारखी कोणी स्टेजवर आली असती, तर मी तरी ऐकलं असतं का?"

मी तिला आग्रह केला नाही. ती आली नाही. पुढे ती एमएस्सी झाली, आणि आता नंदुरबारकडे एका शाळेत विज्ञान शिकवते. चांगली शिकवते असं ऐकते. आबा निवृत्त होईपर्यंत ट्रे धरूनच उभे होते. सुरेखा फार चांगली डॉक्टर झाली असती. हे आठवलं की आजही मला वाईट वाटतं, आणि ते कमी होत नाही.

पहिल्या आलेल्याला त्याने काय केलं ते विचारावं, काय केलं नाही ते विचारू नये. जे केलं नाही, ते न करूनही तो पहिला आलेला असतो, ते न केल्यामुळे नव्हे. निवृत्त होईपर्यंत हे मी प्रत्येक बॅचला सांगितलं. मुलं शांतपणे ऐकायची, माना डोलवायची. आणि मागच्या बाकावरून कोणीतरी हात वर करायचं, "मॅडम, पण यंदा पहिला आला त्याने कुठला धडा सोडला होता?"