सगळे स्वार, एक मोतद्दार

हिंदी मुलखातल्या या जुन्या संस्थानी शहरात मराठी माणसाला त्याच्या पूर्वजांबद्दल विचारलं की उत्तर घोड्यावर बसूनच येतं. कुणाचा पणजोबा रिसालदार, कुणाचा खापरपणजोबा सरदार, कुणाचा तर थेट महाराजांच्या शेजारून दौडणारा. संस्थानच्या घोडदळात खरारा कोण करत होतं, लीद कोण उचलत होतं, हे विचारायची सोय नाही. लीद बहुधा आपोआप नाहीशी होत असावी. हे सगळे वीरवंशज आता बँकेत, विमा कचेरीत नाहीतर कोचिंग क्लासमध्ये आहेत, आणि घोडा त्यांनी शेवटचा पाहिला तो कुणाच्यातरी वरातीत.

आमचं घरही त्यातलंच. बाबा निवृत्त शिक्षक, इथल्या मराठी मंडळातले सर्वांत वयोवृद्ध सभासद. ‘आमचे रिसालदार’ हा त्यांचा ठरलेला विषय. मी आत्याला एकदा स्वयंपाकघरात विचारलं, तर कणीक मळता मळता ती म्हणाली, ‘‘कसला रिसालदार? मोतद्दार होता तो. घोडे धुवायचा, चारायचा, दुसऱ्याचा घोडा धरून उभा राहायचा.’’ तेव्हापासून बाबांनी तो विषय काढला की मी उठून बाहेर जातो. मला त्यांची लाज वाटायची, हे स्पष्टच सांगतो. मोतद्दाराची नाही, बाबांची.

मला छंद आहे तो चिमुकले घोडेस्वार रंगवण्याचा. करंगळीएवढे प्लास्टिकचे स्वार परदेशातून पेटीत येतात. कुठल्यातरी लांबच्या सरहद्दीवरचे शिपाई, डोक्यावर रुंद काठाच्या टोप्या. त्यांना आपलंसं करायचं म्हणजे आधी पात्याने टोपी उडवायची, मग नळाची गळती बुजवायच्या पुट्टीची बारीक वळी करून डोक्यावर पागोटं बांधायचं आणि सुईच्या टोकाने त्याला पीळ द्यायचा. मी डावखुरा आहे, बाबांसारखाच. पेटीतल्या चित्रात दाखवलेलं सगळं मला उलट्या हाताने करावं लागतं.

कृष्णपुऱ्याजवळच्या आमच्या मंडळाला वर्धापनदिनासाठी हॉलमध्ये काहीतरी ‘ऐतिहासिक’ हवं होतं. संस्थानच्या हद्दीवरची चौकी काचेच्या पेटीत उभी करायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येक बाहुल्यासमोर एकेका घराच्या आडनावाची पट्टी लागणार होती. मी जवळच्या सांवेर गावाहून काळी माती आणली, चाळली, थर्माकोलवर पसरली. वाळल्यावर तिला शेतातल्यासारख्या भेगा पडल्या. मला दाखवायची होती संध्याकाळी गस्तीवरून परतणारी तुकडी. घोडे दमलेले, म्हणून स्वार उतरून, लगाम हातात घेऊन चालताहेत. घोड्याची कदर असलेला स्वार असंच करतो.

अध्यक्षांनी कच्चं चित्र पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

‘‘भिया, हे पायी कोण चालून राहिलेत?’’

‘‘आपलेच स्वार. घोडे दमलेत.’’

‘‘अरे यार, घोडे दमले तर दमू द्या ना! आपल्या लोकांना कायको खाली उतरवता? लोग क्या बोलेंगे?’’

मग घराघरांतून निरोप सुरू झाले. आमचा पांढऱ्या घोड्यावर पाहिजे. आमचा सगळ्यांच्या पुढे पाहिजे. तलवार उपसलेली पाहिजे. मिशी जरा मोठी. करंगळीएवढ्या माणसाची मिशी मोठी करा म्हणणाऱ्याला काय सांगणार? मी रंगवत गेलो. चौकीत वरातीपेक्षा जास्त पांढरे घोडे झाले. सगळ्यांनी तलवारी उपसलेल्या, सगळे गर्जना करताहेत, आणि समोर कुणीच नाही. बाजूला चुलीवर भाकरी भाजतेय, तिच्यावरच चढाई चालल्यासारखं दिसत होतं.

हे अध्यक्षांच्याही लक्षात आलं. म्हणाले, ‘‘शत्रू टाका थोडेसे.’’

‘‘टाकतो. हद्दीपलीकडचं संस्थान कुणाचं होतं?’’

पलीकडचं संस्थानही मराठ्यांचंच, आणि तिथल्या घराण्यातली मुलगी अध्यक्षांची सून. निम्म्या मंडळाचे व्याही तिकडचे. वर्धापनदिनाला ते जेवायला येणार, आणि काचेच्या पेटीत त्यांचे आजे-पणजे आमच्या तलवारीखाली? शेवटी शत्रू रद्द झाला. तलवारी मात्र कुणी म्यान करायला तयार होईना.

एक घोडा बिनस्वाराचा उरला होता. त्याला धरायला कुणीतरी हवं, नाहीतर तो तसाच सुटलेला दिसला असता. अध्यक्षांनी सगळ्या घरांना विचारून पाहिलं. खाली उभं राहायला एकाही घराने पूर्वज दिला नाही. ‘‘मग तो कुणाचाच नाही असा करून टाका,’’ ते म्हणाले.

आमच्या घराचा बाहुला अजून व्हायचाच होता. मी मनात म्हटलं, तो आमचा.

परदेशी पेटीत सगळे बसलेलेच शिपाई येतात. बसलेल्याला उभं करायचं तर मांड्या कापाव्या लागतात, आत तार घालावी लागते, गुडघे पुट्टीने नव्याने घडवावे लागतात. एवढं करूनही पाय फाकलेलेच राहतात. मी त्याला मळकट अंगरखा दिला, हातात लगाम दिला. तलवार नाही. मिशी बेताची. सबंध चौकीत माणसासारखा दिसणारा तो एकटाच. वर आमचं आडनाव आणि खाली ‘मोतद्दार’ अशी टाइप केलेली पट्टी करून मी खिशात ठेवली.

आत्याला सांगितलं तर ती चिडली. ‘‘उद्घाटन तुझ्या बापाच्याच हातून आहे ना? सगळ्या समाजासमोर या वयात त्याचं नाक कापणार तू? जन्मभर तेवढंच एक मिरवलं त्याने.’’

‘‘खोटं मिरवलं.’’

‘‘मग? तुझ्या पेटीतले बाकीचे काय खरे आहेत का?’’

पट्टी खिशातच राहिली.

उद्घाटनाला हॉल भरला होता. व्याही मंडळी पुढच्या रांगेत. बाबांनी पडदा सारला, टाळ्या झाल्या, आणि जो तो आपापल्या पूर्वजाचा मोबाइलवर फोटो काढू लागला. बाबांनी वाचायचं भिंग बाहेर काढलं आणि एका टोकापासून बघायला सुरुवात केली. प्रत्येक पट्टी वाचत, मान डोलवत ते पुढे सरकत होते. मी त्यांच्या मागे उभा होतो.

त्या घोड्यापाशी ते थांबले. समोर पट्टी नव्हती.

‘‘हा कुणाचा?’’

‘‘तो कुणाचा नाही काकाजी,’’ अध्यक्ष घाईघाईने म्हणाले. ‘‘वो तो ऐसे ही. घोडा धरायला.’’

बाबा पेटीवर आणखी वाकले. मग भिंग न हटवता, वर्गात बोलत तशा मोठ्या आवाजात म्हणाले, ‘‘लगाम उजव्या हातात दिलाय. चुकलंय. आमचा डावखुरा होता.’’

अध्यक्षांना काही समजलं नाही. पुढच्या रांगेला समजलं; तिथले मोबाइल खाली आले. आत्याने पदर तोंडाला लावला. बाबांसाठी इतकी वर्षं साठवलेला सगळा तिरस्कार माझ्याजवळ तयार होता, आणि त्याचं आता काय करायचं ते मला कळेना. डावखुऱ्या घरातल्या डावखुऱ्या माणसाने लगाम उजव्या हातात दिला होता, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मी खिशातून पट्टी काढली. बाबांनी ती वाचली आणि परत दिली.

‘‘टाइप केलेली नको,’’ म्हणाले. ‘‘पेन आण.’’

पेटीच्या कडेला कागद टेकवून त्यांनी तोच मजकूर स्वतः लिहिला, डाव्या हाताने.